एक जुलैची माणसं

आबाजी आले तेव्हा मी छपरीतल्या खाटेवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो आणि लाईन येण्याची वाट पाहत होतो. ऑक्टोबरचे शेवटचे दिवस. ऊन अजून चटके देत होतं, पण कपाशीची बोंडं उकलायला लागली होती आणि गावात पहिल्या वेच्याची गडबड सुरू झाली होती. वेचणाऱ्या बाया सापडत नव्हत्या, सापडल्या तर भाव जमत नव्हता. आबाजी पायरीवर टेकले, धोतराच्या सोग्यानं मान पुसली आणि सदऱ्याच्या खिशातून पन्नीत गुंडाळलेली दोन कार्डं काढून माझ्या लॅपटॉपवरच ठेवली. एक आधारचं. दुसरं आमच्या शेतकरी कंपनीचं, मी केलेल्या ॲपमधून छापलेलं, कोरं करकरीत.

“पाय बरं पोट्ट्या, तुह्या मशीननं मले एक दिवस आंधीच जलमाले घातलं.”

आधारवर जन्मतारीख १ जुलै १९४३. आमच्या कार्डावर ३० जून १९४३. आबाजी रागावलेले नव्हते. त्यांचा चेहरा बाजारात नोट उलटीसुलटी करून पाहणाऱ्या माणसाचा असतो तसा होता. मी म्हटलं, आबाजी, एका दिवसानं काय होते, दुरुस्त करून देतो. त्यावर ते म्हणाले, “मानूस एक अन् तारखा दोन झाल्या का पैशे अटकते. हे मले नको शिकवू.” हे त्यांना खरंच कोणी शिकवायची गरज नव्हती. मागं एकदा नावातल्या एका काना-मात्रेपायी पीककर्जासाठी त्यांना तीन चकरा पडल्या होत्या, भर पेरणीच्या दिवसांत.

ते गेल्यावर मी यादी उघडली. चारशे बारा सभासद. छापलेल्या सगळ्या कार्डांवरची जन्मतारीख एका दिवसानं मागं गेली होती. चारशे बारा जणांच्या हातात चुकीचं कार्ड पडलं होतं आणि विचारायला आले ते फक्त आबाजी. चुकीपेक्षा मला हेच जास्त लागलं. स्वतःची जन्मतारीख चुकलेली कुणाला दिसू नये?

चूक माझीच होती, आणि या धंद्यात ती इतकी जुनी आहे की सांगायलाही लाज वाटते. डेटाबेसमध्ये तारीख बरोबर होती. घोळ झाला तो मधल्या वाटेवर. सर्व्हरवरून माहिती निघते ती जेसन नावाच्या मांडणीत बांधून, आणि जेसनला मोजून सहाच गोष्टी कळतात: अक्षरं, आकडा, हो-नाही, रिकामं, यादी आणि नावानिशी मांडलेला संच. तारीख नावाची गोष्ट त्यात नाहीच. म्हणजे तारीख पाठवायची तर ती दुसऱ्या कशाच्या तरी बारदान्यात भरावी लागते, आणि कोणत्या बारदान्यात भरायची हे ज्याचं त्यानं ठरवायचं. गेल्या पंधरा वर्षांत मी नाना प्रकार पाहिले. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या सेवांमधून तारीख यायची ती दोन तिरप्या रेघांमध्ये ‘डेट’ असं लिहून, पुढं कंसात एक लांबलचक आकडा. १ जानेवारी १९७० पासून किती मिलिसेकंद झाले, तो तो आकडा. कुणी महिना आधी लिहितो, कुणी दिवस. जावास्क्रिप्ट तर महिने शून्यापासून मोजते, जुलै म्हणजे सहा. या सगळ्यावर तोड म्हणून आयएसओ ८६०१ नावाचा नियम १९८८ साली निघाला: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मोठ्याकडून लहानाकडं. मग टी हे अक्षर, मग वेळ, आणि वेळ यूटीसीतली, म्हणजे जगाच्या प्रमाण घड्याळातली, असेल तर शेवटी झेड. मला हा नियम मनापासून आवडतो. सात-बाराच्या उताऱ्यासारखा आहे, एकदा वाचायला शिकलं की कुठलाही वाचता येतो.

तर मी तारीख आयएसओ पद्धतीनंच पाठवत होतो आणि त्याचा मला थोडा गर्वही होता. पण डेटाबेसमधून तारीख उचलणाऱ्या मधल्या सॉफ्टवेअरला नुसता ‘दिवस’ ठेवता येत नव्हता. त्यानं १ जुलै हा दिवस घेतला आणि त्याचा क्षण केला: १ जुलै, रात्रीचे बारा, भारतीय वेळ. जेसनमध्ये बांधताना हा क्षण यूटीसीत गेला, म्हणजे साडेपाच तास मागं. झाली ३० जूनची संध्याकाळ, साडेसहा. आणि कार्ड छापणाऱ्या माझ्या दिवट्या कोडनं त्या ओळीतली पहिली दहा अक्षरं कापून घेतली, बाकी टाकून दिली. १ जुलैचा माणूस ३० जूनचा झाला.

त्याच रात्री मी जिथं कापत होतो तिथं एक ओळ घातली: कापायच्या आधी साडेपाच तास मिळव. दोन-चार नावं तपासली, बरोबर आली. कार्डं पुन्हा छापून आणली, दारव्ह्याच्या दुकानातून, खर्च खिशातून. गावात वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी आबाजी पुन्हा पायरीवर.

“बाकी समद्याईचं सुदरलं. माह्यंच कावून नाई?”

३० जून १९४३. जसंच्या तसं.

मी आतून चहा आणला, त्यांनी बशीत ओतून घेतला, आणि आम्ही दोघंही त्या कार्डाकडं पाहत बसलो. खरं सांगायचं तर मला पहिल्यांदा वाटलं की म्हातारा जुनंच कार्ड घेऊन आलाय. नव्हतं. नवंच होतं, लॅमिनेशनचा वास अजून गेला नव्हता.

इथं एक जुलैच्या माणसांबद्दल सांगायला हवं. ही यादी मी पहिल्यांदा तारखेच्या क्रमानं लावली तेव्हा हसू आलं होतं. वर्षभर एक-एक, दोन-दोन नावं आणि १ जुलैला एकदम बुरूज उभा. आमच्या घरातच बाबा, दोन्ही काका आणि आत्या, सगळे एक जुलैचे. पश्चिम महाराष्ट्रात हीच माणसं एक जूनची असतात म्हणे. आमच्याकडं उन्हापायी शाळा जूनच्या शेवटाकडं उघडतात, म्हणून मास्तरला जुलै जवळचा. पोरगं दाखल करायला आणलं की मास्तर म्हणायचा, उजवा हात डोक्यावरून ने आन् डावा कान पकड. कान हाताला लागला तर सहा वर्षं पुरी, नाही लागला तर पुढच्या साली या. लागला की रजिस्टरात एक जुलै, आणि चालू सालातून सहा वजा. आबाजींचंही असंच. त्यांच्या मोठ्या भावाचा हात दोन साल कानाला लागला नाही, म्हणून कागदोपत्री तो आबाजींहून लहान आहे. भाऊ आता नाही, पण घरात यावरून अजून हसतात.

आपल्या कार्डावरची तारीख चुकलेली चारशे अकरा जणांना का दिसली नाही, ते मला या बुरुजाकडं पाहताना थोडं उमगलं. ती तारीख त्यांची नव्हतीच. ती मास्तरची होती. दुसऱ्याचा सदरा एका गुंडीनं वरखाली लागला तर कोण पाहतो?

आबाजींची स्वतःची तारीख वेगळी आहे आणि ती त्यांना पक्की ठाऊक आहे. त्यांची माय सांगायची, आष्टी-चिमूरचं झालं त्याच्या पुढल्या साली, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी. पोळ्याला बैलं सजली, आंबाडीचे दोर आले, दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैलं घेऊन दारोदार निघाली आणि इकडं आबाजी जन्मले. आष्टी-चिमूर म्हणजे ऑगस्ट १९४२. म्हणजे साल मास्तरनं बरोबर धरलं होतं, कानानं दगा दिला नाही. फक्त पोळा जुलैच्या पहिलीला येत नाही. श्रावणाच्या अवसेला येतो, आणि त्या साली तो ऑगस्ट संपता संपता आला होता. दोन महिन्यांचा फरक. तो आबाजींनी कधी कुणाकडं भांडून मागितला नाही. एक दिवसासाठी मात्र ते दोनदा माझी पायरी चढले. कारण दोन महिन्यांचा फरक फक्त त्यांना ठाऊक होता, एक दिवसाचा फरक छापून आला होता.

तिसरीही एक तारीख आहे. नातीच्या जात वैधतेसाठी तहसीलच्या रेकॉर्डरूममधून कोतवाल बुकाची नक्कल काढली होती, ती आबाजींनी मला दाखवली आहे. पिवळा पडलेला कागद, त्यावर बोरूच्या वळणाचं अक्षर. बापाचं नाव, जात, मौजा, आणि ‘मुलगा’ एवढंच. नावाची जागा नाही, कारण बारसं व्हायच्या आधीच नोंद. तारीख ४-९-४३. कोतवालानं ठाण्यावर जाऊन जन्म-मृत्यू सांगितले तो दिवस बहुधा. या तारखेनं मला अजून एक धसका दिला, कारण नक्कल एक्सेलमध्ये चढवताना माझ्या पुतण्याच्या संगणकाची मांडणी अमेरिकन होती, आणि ४-९ चं त्यानं मुकाट्यानं ९ एप्रिल केलं. तारीख १३ किंवा पुढची असती तर यंत्र अडलं असतं, तेरावा महिना कुठून आणणार. पण बारापर्यंतच्या तारखा अशा बिनबोभाट फिरतात. पोळ्याचं पोरगं एका एंटरसरशी चैतातलं झालं.

माझं सांगायचं राहिलं. त्या रात्री जेवण झाल्यावर मी आबाजींची एकट्याची नोंद काढली आणि साडेपाच तास मिळवायच्या आधी काय येतं ते छापून पाहिलं. बाकीच्यांच्या ओळी साडेसहावर संपत होत्या. १९५८ चा घ्या, १९७१ चा घ्या, ३० जून, १८:३०. आबाजींची ओळ म्हणत होती १७:३०. साडेपाच. सगळ्या गावाहून एक तास कमी. मी साडेपाच मिळवले की बाकीचे बरोबर मध्यरात्री १ जुलैला पोचत होते आणि आबाजी रात्री अकरालाच थांबत होते, ३० जूनमध्ये. सेकंदांतला आकडाही काढला: उणे ८३,६४,६१,८००. १९७० च्या आधी जन्मलेला कुठलाही माणूस संगणकाच्या लेखी उणेच असतो. पण हा आकडा तर ३,६०० नं जास्तच उणे होता.

आधी मला वाटलं मीच कुठंतरी एक तास खाल्ला. मग टाइमझोनच्या डेटाबेसची फाईल उघडली. जगातल्या गावोगावच्या घड्याळांचा इतिहास त्यात साध्या अक्षरांत लिहून ठेवलेला असतो, बरीच माणसं वर्षानुवर्षं हौसेनं तो सांभाळत आली आहेत. भारतासाठी कोलकात्याच्या नावानं मोजक्याच ओळी आहेत. त्यातली एक सांगते की १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारताचं घड्याळ साडेपाच नव्हे, साडेसहा तास पुढं होतं. दुसरं महायुद्ध. सरकारनं सगळ्या देशाची घड्याळं तासभर पुढं सरकवली होती. यंत्राला हे ठाऊक होतं. त्यानं १९४३ ची मध्यरात्र १९४३ च्या घड्याळानं मोजली होती. चुकलो होतो मी, सरसकट साडेपाच मिळवणारा. आणि १९४५ च्या आधी जन्मलेला सभासद आमच्याकडं एकच होता.

बराच वेळ मी त्या ओळीकडं पाहत राहिलो. वावरातून रोह्यांना हाकलणाऱ्या जागल्यांच्या आरोळ्या येत होत्या. ज्या गावात तेव्हा घड्याळ नव्हतं, ज्या घरात दिवस भाकरीवर आणि सावलीवर चालत होता, तिथल्या एका पोराच्या जन्मतारखेला दिल्लीच्या घड्याळाचा तो एक तास चिकटून ऐंशी वर्षांनी माझ्या खाटेपर्यंत आला होता. तोही खऱ्या तारखेला चिकटलेला नव्हता, मास्तरनं बसवलेल्या तारखेला. अर्थात पोळाही त्याच काळात पडतो, म्हणजे खरी तारीख घातली असती तरी हेच झालं असतं.

मध्यरात्री दिवस बदलतो ही गोष्ट आमच्याकडं अजूनही कुणाच्या अंगात भिनलेली नाही. जागलीवरचा माणूस सकाळी सांगताना ‘काल रात्री दोनला’ असंच म्हणतो. तिथी बघायची तर सूर्योदयाला कोणती आहे ते पाहायचं. गंमत अशी की यूटीसीचा दिवस आमच्या इथं बदलतो पहाटे साडेपाचला. तोवर यंत्राच्या लेखी कालचाच दिवस चालू असतो. म्हणजे जे यूटीसी मला इतकं छळत होतं, ते जागलीवरच्या माणसाशी आणि कोंबड्याशी एकमत करून बसलं आहे. उलट साडेपाच हा आकडा आमचा नाहीच. तो मिर्झापूरकडून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशाचा. यवतमाळचा सूर्य त्या घड्याळाच्या सतरा-अठरा मिनिटं मागंच चालतो. युद्धात तर तो सव्वा तासाहून मागं पडला असणार.

दुरुस्ती शेवटी अगदी साधी निघाली, आणि ती मी पहिल्या दिवशीच करायला हवी होती. जन्मतारखेला वेळ नसते. तिचा क्षण करायचाच नाही. डेटाबेसमधून ती अक्षरं म्हणूनच उचलायची आणि अक्षरं म्हणूनच पाठवायची: १९४३-०७-०१. दहा अक्षरं, टी नाही, झेड नाही. कुठल्या घड्याळाची तिला हवा लागू द्यायची नाही. कापसाचा काटा मात्र वेगळा. गाठोडं कधी मोजलं, पैसे कधी सोडले, हे क्षण आहेत. रात्री बारा-साडेबाराला ट्रॅक्टर लागतो तेव्हा कुठल्या तारखेचा भाव लावायचा यावरून भांडणं होतात. ते यूटीसीतच साठवायचे आणि दाखवताना भारतीय वेळेत आणायचे, तेही मिर्झापूरचे साडेपाच हातानं न मिळवता, त्या फाईलला विचारून. इतकी वर्षं मी या दोन्ही गोष्टींना एकाच नावाच्या खोक्यात टाकत होतो, कारण भाषेनं दोघींना एकच नाव दिलं होतं. असो.

तिसरं कार्ड मी स्वतः घेऊन गेलो. आबाजींच्या अंगणात सरकीचं पोतं उन्हात घातलेलं होतं, त्यांची सून पऱ्हाटीच्या काड्या मोडत होती. आबाजींनी कार्ड डोळ्यांपासून लांब धरलं, आधारशेजारी ठेवलं, आणि अंगठ्यानं दोन्ही तारखा एकेक अक्षर मिळवून पाहिल्या. मग पन्नीत घातलं. मी उठलो असतो, पण राहवेना. म्हटलं, आबाजी, तुमचंच कार्ड दोनदा का चुकलं ते सांगू? आणि युद्धाचं सांगितलं, तासभर पुढं सरकवलेल्या घड्याळाचं. मला वाटलं होतं ते मान हलवून सोडून देतील. त्यांनी सुपारी कातरायची थांबवली.

“मंग माय खरं सांगे,” ते म्हणाले.

त्यांची माय सांगायची, लढाईच्या सालात गाडी येरवाळीच येऊ लागली होती. गाडी म्हणजे शकुंतला, आमची यवतमाळ-मूर्तिजापूरची वाफेची गाडी. तिची शिटी वाजली की माय चुलीवर तवा ठेवायची, गावातल्या बऱ्याच बायांचं तसंच होतं. त्या सालांत मात्र शिटी वाजायची तेव्हा ती चूल पेटवतच असायची, पीठसुद्धा मळलेलं नसायचं. वावरात न्यायची शिदोरी रोजची मागं पडायची, त्यावरून सासूची बोलणी खावी लागायची. तिनं शेवटपर्यंत हेच धरलं होतं, की सायबानं गाडी पुढं ओढली. घरात कुणी विश्वास ठेवला नाही. पोरं म्हणायची, माय, तूच उशिरा उठत असशील.

“माह्या पोटुशी होती तवा थे,” आबाजी म्हणाले, “म्हनून उठ होत न्हवतं तिले, असं आमी समजो.”

सून काड्या मोडायची थांबली होती. आबाजींनी सुपारी तोंडात टाकली, अडकित्ता मिटवला.

“अन् थो घंटा तुह्या मशीनीत लिवला हाय?”

“हाय, आबाजी.”

“कार्डावर नाई ना येनार?”

“नाई. आता नाई येनार.”

“बरं,” ते म्हणाले, आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं.